आई-बाबांना घेऊन योसेमिटीत तंबूत दोन रात्री

भारतातून आलेल्या आई-बाबांना बे एरियातली, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास राहणारी, मुलं योसेमिटी या राष्ट्रीय उद्यानात नेतातच. बहुतेकदा पहाटे निघून रात्री परत. म्हणजे आठ तास गाडीत आणि चार तास बाहेर, तेही गर्दीत आणि पार्किंग शोधण्यात. त्याऐवजी दोन रात्री तिथेच तंबूत काढल्या, तर संध्याकाळी हाफ डोमच्या उंच कड्यावर रेंगाळणारं ऊन आणि लोक यायच्या आधीची सकाळ, दोन्ही निवांत मिळतात. साठी-पासष्टी ओलांडलेल्या, रोज थोडंफार चालणाऱ्या माणसाला हे नक्की झेपतं. बेत फसतो तो बहुधा अस्वलामुळे किंवा चढामुळे नाही. जमिनीतून वर येणारी थंडी आणि रात्री स्वच्छतागृहापर्यंतची अंधारी वाट, या दोन गोष्टींनी पहिलीच रात्र वाईट जाते आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच घरी परतायचं निघतं. म्हणून इथे या दोन्हींना सगळ्यात जास्त जागा दिली आहे.

कुठे आणि कधी

पहिल्या खेपेला मुक्काम उद्यानातल्या मुख्य दरीत, योसेमिटी व्हॅलीतच करा. व्हॅलीची उंची सुमारे ४,००० फूट, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही थोडी कमी, त्यामुळे विरळ हवेचा त्रास सहसा होत नाही. उद्यानातलंच टुओलमी मेडोज हे कुरण सुंदर आहे, पण ते ८,६०० फुटांवर आहे. तिथे चार पावलं चढलं तरी धाप लागते आणि भर उन्हाळ्यातही रात्री कडाक्याची थंडी पडते. तिथे दिवसा गाडीने जाऊन यावं.

मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत धबधबे भरून वाहतात, रात्री ७ ते १० अंश सेल्सिअस असतं. जुलै-ऑगस्टमध्ये दिवसा ३२ अंशांपर्यंत तापतं, गर्दी कळसाला पोचते आणि २,४२५ फुटांचा योसेमिटी फॉल ऑगस्टपर्यंत बहुतेक वर्षी आटलेला असतो. सप्टेंबरच्या मध्यावर हवा उत्तम असते आणि शाळा सुरू झाल्यामुळे माणसं कमी असतात. आई-बाबांनी धबधबे बघायचं मनात धरलं असेल तर जून, शांतता हवी असेल तर सप्टेंबर. ते विमानातून उतरल्यावर किमान दहा दिवस तरी जाऊ द्या. जेटलॅगमुळे रात्री दोनला टक्क जाग आलेल्या माणसाला तंबूत करण्यासारखं काहीच नसतं.

आरक्षण

अपर पाइन्स आणि लोअर पाइन्स ही व्हॅलीतली दोन सोयीची कॅम्पग्राउंड. आरक्षण रिक्रिएशन डॉट गव्ह या वेबसाइटवर, दर महिन्याच्या १५ तारखेला पॅसिफिक वेळेनुसार सकाळी ७ वाजता, एकेका महिन्याच्या गठ्ठ्याने उघडतं. १५ जानेवारीला १५ मे ते १४ जूनच्या जागा, १५ फेब्रुवारीला त्यापुढच्या महिन्याच्या. उन्हाळ्यातल्या जागा काही मिनिटांत संपतात. त्यामुळे विमानाचं तिकीट आणि हे आरक्षण यांचा विचार एकत्रच करा. आदल्या दिवशी खातं उघडून कार्डाची माहिती भरून ठेवा, नकाशावरून सात-आठ साइटचे, म्हणजे तंबूच्या जागांचे, क्रमांक लिहून ठेवा आणि रविवार ते मंगळवार अशा रात्री मागा. शुक्रवार-शनिवारवर सगळ्यांचा डोळा असतो. नाही मिळालं तर रद्द झालेल्या जागा रोज बघत राहा, मुक्कामाच्या आधीच्या आठवड्यात बऱ्याच सुटतात.

साइट निवडताना स्वच्छतागृहाला लागून असलेली घेऊ नका. रात्रभर दार आपटत राहतं, दिवा डोळ्यांवर येतो, आणि लोक तुमच्या चुलीजवळूनच वाट काढतात. दोन-तीन साइट सोडून पुढची घ्या, पण वाट सपाट आणि डांबरी रस्त्यालगतची हवी. नदीकाठच्या साइट मोहात पाडतात, मात्र तिथे गारवा आणि डास दोन्ही जास्त.

जागा मिळालीच नाही, किंवा आईच्या कंबरेला तंबू नकोच असेल, तर हाउसकीपिंग कॅम्प बघा. तीन काँक्रीटच्या भिंती, वर कॅनव्हास, आत पलंग आणि बाहेर स्वयंपाकाला जागा. करी व्हिलेजच्या कॅनव्हासच्या खोल्यांत पलंग मिळतो, पण तिथे स्वयंपाक करता येत नाही. आई-बाबा बरोबर असताना हा फरक मोठा असतो.

प्रवेशाच्या पैशांचा हिशेब आता बदलला आहे. १ जानेवारी २०२६ पासून योसेमिटीसह ११ राष्ट्रीय उद्यानांत अमेरिकेचे रहिवासी नसलेल्या १६ वर्षांवरच्या व्यक्तीला, वार्षिक पास नसेल तर, नेहमीच्या प्रवेशशुल्काशिवाय माणशी १०० डॉलर जादा भरावे लागतात. त्यांच्यासाठीचा वार्षिक पास २५० डॉलरचा आहे. व्हिजिटर व्हिसावर आलेले आई-बाबा यात मोडतात, त्यामुळे तुमच्या बेताला कोणता पास स्वस्त पडेल हे उद्यानाच्या वेबसाइटवर वाचून ठरवा. ६२ वर्षांवरच्यांसाठीचा सीनिअर पास फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांना मिळतो. आई-बाबांकडे ग्रीन कार्ड असेल तर तो जरूर काढा, कॅम्पसाइटचं भाडंही निम्मं होतं. गेटवर रोख घेत नाहीत, कार्ड लागतं.

झोप

उबदार पांघरुणाकडे सगळे लक्ष देतात. अंगाखाली काय आहे याकडे फार कमी जण बघतात, आणि रात्रीची निम्मी थंडी तिथूनच येते. स्लीपिंग बॅगचा अंगाखालचा भाग वजनाने दबला की त्यातली हवा निघून जाते आणि तो भाग ऊब धरत नाही. त्यासाठी चटई लागते, आणि चटईची ऊब आर-व्हॅल्यूने मोजतात. मे, जून, सप्टेंबरसाठी आर-व्हॅल्यू ४ किंवा त्याहून जास्त बघा. पाहुण्यांसाठी घरात ठेवलेली जाड हवेची गादी इथे चालत नाही. तिच्यात थंड हवेचं पोतंच अंगाखाली असतं, शिवाय रात्री हवा गार होऊन आकसली की गादी मऊ पडते आणि भोक पडलं असं वाटून माणूस पहाटे पंप मारत बसतो.

गुडघे दुखणाऱ्यांसाठी घडीचा कॅम्प कॉट घ्या, उंची १६ ते १८ इंच. खुर्चीवरून उठल्यासारखं उठता येतं, हात टेकून गुडघ्यांवर यावं लागत नाही. पण कॉटखालून हवा खेळते, त्यामुळे कॉटवर चटई हवीच. ती घातली नाही तर जमिनीपेक्षाही जास्त गार लागतं. कॉटच्या पायांखाली जुन्या गालिच्याचे तुकडे किंवा अर्धे कापलेले टेनिस बॉल ठेवा, नाहीतर तंबूचा तळ फाटतो.

स्लीपिंग बॅगवर ठळक छापलेला आकडा बहुधा ‘लोअर लिमिट’ असतो, म्हणजे धडधाकट माणूस अंग आखडून जेमतेम रात्र काढेल ते तापमान. ‘कम्फर्ट’चा आकडा साधारण १० अंश फॅरनहाइट वर असतो आणि तो बारीक अक्षरात असतो. आई-बाबांसाठी कम्फर्ट ३० अंश फॅरनहाइटच्या आसपास बघा, म्हणजे ज्यावर २० लिहिलंय ती बॅग. आकार चौकोनी घ्या. पायाकडे निमुळत्या होणाऱ्या बॅगेत साठीनंतर जीव घुसमटतो आणि रात्री उठताना झिप सापडत नाही. झिप पूर्ण उघडून वर घरची गोधडी टाकली तर उत्तमच.

झोपण्याआधी दिवसभराचे घामट कपडे बदलून पायमोज्यांसकट कोरडे घालायला लावा. कानटोपी हवीच. एक लिटरच्या, झाकण घट्ट बसणाऱ्या बाटलीत गरम पाणी भरून, तिला जाड मोजा चढवून पायाशी ठेवली की चार-पाच तास ऊब राहते. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झाली असेल तर मात्र ती पायांना लावू नका, मांडीपाशी ठेवा. चटका बसलेला त्यांना कळत नाही.

तंबू दोघांसाठी सहा जणांचा घ्या, मधली उंची ६ फुटांच्या वर. वाकून पँट चढवणं तुम्हाला जमेल, त्यांना नाही. तळाखालची ताडपत्री तंबूच्या कडेबाहेर डोकावता कामा नये, पावसाचं पाणी तिच्यावर साचून थेट खाली शिरतं. व्हॅलीतली जमीन टणक आहे, बारीक खुंट्या वाकतात. जाड स्टीलच्या खुंट्या आणि हातोडी न्या. हे सगळं घरी हॉलमध्ये एकदा मांडून बघा आणि आईला कॉटवरून दोनदा उठायला सांगा. तिथे काही अडलं तर दुकानातून बदलून आणता येतं.

रात्री उठायचं तर

तंबूचं दार स्वच्छतागृहाच्या वाटेकडे करा. दोऱ्यांना पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या बांधा, रात्री लोक अडखळतात ते याच दोऱ्यांना. दाराशी मंद दिवा रात्रभर चालू ठेवा. चपला नकोत, टाच झाकणारे, वाकल्याशिवाय पाय सरकवता येतील असे बूट कॉटच्या कडेलाच ठेवा. वाटेवर मुळं आणि पाइनची बोंडं असतात. डोक्याला लावायची बॅटरी प्रत्येकाची वेगळी हवी आणि ती उशीजवळच्या ठरलेल्या खिशातच राहिली पाहिजे.

रक्तदाबाची गोळी चालू असेल तर झोपेतून एकदम उभं राहिल्यावर चक्कर येऊ शकते. कॉटच्या काठावर मिनिटभर बसायचं, मग उठायचं. लघवी जास्त करणारी गोळी संध्याकाळी असेल तर या दोन दिवसांपुरती वेळ बदलता येईल का, हे निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. परस्पर बदलू नका.

खरी अडचण वेगळीच असते. मुलाची झोपमोड नको म्हणून आई-बाबा आवाज न करता एकटेच जातात. ‘मला उठवायचंच’ ही अट निघण्याआधी घाला आणि कबूल करून घ्या. आणि उठवलं तर लगेच उठा, कुरकुर न करता. एकदा तुम्ही सुस्कारा टाकलात की पुढच्या वेळी ते उठवणार नाहीत.

पाइन्सच्या कॅम्पग्राउंडमध्ये फ्लश असलेली स्वच्छतागृहं आहेत, पण तिथे फक्त कागद मिळतो. दाबून धार सोडता येईल अशी अर्ध्या लिटरची बाटली प्रत्येकाला द्या, कोमट पाणी भरून नेता येतं. कॅम्पग्राउंडमध्ये अंघोळीची सोय नाही, शॉवर करी व्हिलेज आणि हाउसकीपिंग कॅम्पमध्ये आहेत. हे आधीच सांगून ठेवा. अंघोळीशिवाय चहा न घेणारे बाबा असतील तर आयत्या वेळी पंचाईत होते.

साइटवर वीज नसते. झोपेत श्वास नीट चालावा म्हणून सीपॅप मशीन लागत असेल तर दोन रात्री पुरेल अशी बॅटरी घेऊन ती घरी पूर्ण रात्र चालवून बघा.

अस्वल आणि लोखंडी पेटी

योसेमिटीत काळी अस्वलं आहेत. ती माणसाच्या मागे लागत नाहीत, वासाच्या मागे लागतात, आणि वासासाठी गाडीचं दार वाकवतात. म्हणून प्रत्येक साइटवर, वास येणारं सगळं आत ठेवायला, लोखंडी पेटी असते: साधारण ३३ इंच खोल, ४५ इंच रुंद, १८ इंच उंच. घरी जमिनीवर टेपने ३३ बाय ४५ चा चौकोन आखा आणि सगळं सामान त्यात १८ इंचांच्या आत बसतं का बघा. चाकांचा मोठा कूलर उंचीला बसत नाही, ही नेहमीची फसगत. नियम मोडला तर ५,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, पण खरं नुकसान अस्वलाचं होतं. माणसाच्या अन्नाला चटावलेलं अस्वल धीट होतं, आणि शेवटी त्याला मारावं लागू शकतं.

इंग्रजी सूचनांमध्ये टूथपेस्ट, साबण, सनस्क्रीन, डबाबंद अन्न, रिकाम्या बाटल्या हे सगळं लिहिलेलं असतं. मराठी घरातल्या पिशवीतल्या वस्तू त्यात नसतात आणि त्याच राहून जातात: हिंगाची डबी, व्हिक्स, अमृतांजन, डोक्याला लावायचं तेल, कापूर, उदबत्ती, पर्समधली बडीशेप-सुपारी, खिशातली खडीसाखर, प्रवासात उलटी होऊ नये म्हणून घेतलेली आवळासुपारी. पोचल्यावर, अंधार पडण्याआधी, आईची पर्स आणि बाबांचे खिसे त्यांच्याच हातून रिकामे करवा. गाडीत सांडलेला चिवडाही झाडून काढा. रात्री कफ झाला तर व्हिक्स लागेल हे खरं, पण ते लावून डबी परत पेटीत गेली पाहिजे. तंबूत आणि गाडीत काही नाही, पेटी उघडी ठेवून वळायचंही नाही. कडी लागली का हे ओढून बघायची सवय सगळ्यांनाच लावा.

इन्सुलिन बर्फाला चिकटून ठेवू नका. गोठलं की ते निकामी होतं. कापडात गुंडाळून वेगळ्या थंड पिशवीत ठेवा. बाकीच्या गोळ्या मूळ पाकिटांसह, औषधांच्या नावांची यादी तुमच्या खिशात. व्हॅलीत एक छोटा दवाखाना आहे, मोठं काही झालं तर ९११. व्हिजिटर विम्यात आधीपासूनच्या आजारांचं काय लिहिलंय, ते निघण्याआधी वाचा.

खारींना शेंगदाणे टाकण्याचा मोह आई-बाबांना हमखास होतो. पहिल्याच दिवशी, प्रेमाने पण ठाम सांगा: नाही. त्या चावतात, रोग पसरवतात, आणि हे नियमाविरुद्ध आहे.

स्वयंपाक

दोन बर्नरचा प्रोपेनचा स्टोव्ह, वारा अडवणाऱ्या पाळ्यांसकट. एक पौंडाची हिरवी टाकी एक बर्नर पूर्ण मोठा ठेवला तर सुमारे दोन तास चालते. दोघा-तिघांना दोन रात्रींसाठी दोन टाक्या पुरतात, तिसरी जवळ असू द्या. या उंचीवर पाणी ९६ अंशांच्या आसपास उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही. तीन लिटरचा कुकर न्या, आणि सांडशी विसरू नका.

पोचल्या दिवशी काहीच शिजवू नका. तंबू उभारून होईपर्यंत अंधार पडतो. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, लोणचं आणि गरम चहा. दुसऱ्या दिवशी मुगाची खिचडी: पाऊण वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, मीठ, हळद, गोडा मसाला हे घरूनच एका पिशवीत भरून न्यायचं. साडेतीन वाट्या पाणी, मध्यम आचेवर चार शिट्ट्या. फोडणीही घरी करून छोट्या घट्ट बाटलीत न्या आणि वरून घाला. कॅम्पवर हिंग-मोहरी तडतडवली की वास सगळ्या साइटभर होतो आणि स्टोव्हवर तेल उडतं, ते पुसण्यात अर्धा तास जातो. सकाळी उपमा: रवा घरून भाजून आणायचा, एक वाटीला अडीच वाट्या पाणी. थालीपीठ खुणावत असलं तरी दोन रात्रींच्या मुक्कामात ते टाळा.

नळाचं पाणी पिण्यालायक असतं. भांडी स्वच्छतागृहाच्या बेसिनमध्ये घासत नाहीत. आधी कागदाने पुसून खरकटं कचऱ्याच्या अस्वलरोधक पेटीत, मग टबमध्ये थोड्या पाण्यात धुवायची. ते पाणी झाडाखाली ओतू नका.

शेकोटी व्हॅलीत मे ते सप्टेंबर फक्त संध्याकाळी ५ ते रात्री १० पर्यंत चालते. खाली पडलेलं लाकूड गोळा करायला तिथे बंदी आहे, घरून नेल्यास झाडांची कीडही बरोबर जाते, म्हणून जवळच विकत घ्या. झोपण्याआधी पाणी ओतून, काठीने ढवळून, पुन्हा पाणी ओता. राखेजवळ हात नेला तर ऊब लागता कामा नये.

कामं वाटून घ्या

आई-बाबांना खुर्चीत बसवून सगळं आपणच करणं ही प्रेमापोटी होणारी चूक आहे. तासाभरात त्यांना आपण ओझं आहोत असं वाटायला लागतं, आणि ते ‘इथे खुंटी वाकडी आहे’ असं सुचवू लागतात. पूर्ण जबाबदारीची कामं द्या. पेटीचा ताबा आईकडे: काय आत, काय बाहेर, तिचा शब्द शेवटचा. शेकोटी बाबांकडे. आणि दिलेल्या कामात नंतर नाक खुपसू नका.

दिवसाचा बेत

सकाळी एक, संध्याकाळी एक, मधे विश्रांती. कुक्स मेडोचा फेरा साधारण एक मैल, सपाट. लोअर योसेमिटी फॉलही तितकाच. मिरर लेक जाऊन-येऊन दोन मैल. व्हर्नल फॉलच्या पुलापर्यंत जाऊन-येऊन १.६ मैलच आहे, पण ४०० फूट चढ आहे आणि उतरताना गुडघे बोलतात, चालायच्या काठ्या न्या. पुलाच्या पुढे मिस्ट ट्रेलच्या ओल्या पायऱ्यांवर त्यांना नेऊ नका. मर्सेड नदीत जूनपर्यंत बर्फ वितळून आलेलं पाणी असतं, गुडघाभर पाण्यातही पाय सुटतो. पाय बुडवून बसायचंच असेल तर उन्हाळा सरत आल्यावर, वाळूच्या काठावर. व्हॅलीत फुकट शटल आहे, गाडी साइटवरच राहू द्या. ग्लेशियर पॉइंटला मात्र गाडीने तासभर लागतो, ते एका दुपारी वेगळं ठेवा.

जाण्या-येण्यासाठी १२० नंबरच्या रस्त्यापेक्षा मर्सेडवरून जाणारा १४० नंबरचा रस्ता वयस्क माणसांना सोसतो, चढ आणि वळणं सौम्य आहेत. व्हॅलीत पेट्रोल मिळत नाही, एल पोर्टल, क्रेन फ्लॅट किंवा वावोनाला भरा. फोनला रेंज तुटक येते, नकाशे घरूनच उतरवून घ्या.

साइट दुपारी १२ पर्यंत सोडायची असते. तंबू बहुधा दवाने ओला असतो, तसाच गुंडाळून नेला तरी चालतं, पण घरी पोचल्यावर त्याच दिवशी गॅलरीत पसरून वाळवा, दोन दिवसांत बुरशी धरते. पेटीच्या मागच्या कोपऱ्यात हात घालून बघा. औषधांचा डबा नेमका तिथेच राहतो.